बाई सांगेल तिकडं

माझ्या थोरल्या साडूंनी उभ्या आयुष्यात एकाच बाईचं निमूटपणे ऐकलं, आणि ती बाई त्यांची बायको नव्हती. बाकी सगळ्या जगाशी त्यांचा वाद होता. शाळेत मुख्याध्यापकांशी, दवाखान्यात डॉक्टरांशी, शिंप्याकडे स्वतःच्याच छातीच्या मापाशी. बदनापूरच्या बाजारात भाजीवाला भेंडी कोवळी आहे म्हणाला, की ती जून आहे हे सिद्ध करायला ते तिथल्या तिथं एक भेंडी कच्ची चावून खात. ती कोवळी निघालीच, तर ‘एक निघाली म्हणून बाकीच्यांचा काय भरवसा’ असं म्हणून पुढच्या गाड्यावर जात. अक्का, म्हणजे माझ्या बायकोची मोठी बहीण आणि यांची पत्नी, कधी म्हणाली की आभाळ आलंय, दोरीवरचे कपडे आत घ्या, तर हे कपाटातले कोरडे कपडेही बाहेर नेऊन वाळत घालत. असा हा माणूस. पण गाडीच्या पुढच्या काचेला चिकटवलेल्या तळहाताएवढ्या काळ्या चौकोनातून एक बाई हिंदीत म्हणाली, ‘दो सौ मीटर के बाद बायें मुडिये’, की हेच गृहस्थ मान लववून ‘जी’ म्हणत आणि वळत. वळायला तिथं रस्ता आहे की नाही, हा प्रश्न त्यांना पडत नसे. तो मागे बसलेल्या आम्हाला पडे.

हा चौकोन म्हणजे गाडीला रस्ता दाखवणारं जीपीएसचं यंत्र. साडूभाऊ जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाले, त्यांनी एक जुनी पांढरी मोटार घेतली, आणि पुण्यात नोकरीला असलेल्या त्यांच्या मुलीला घोर लागला. बाबा कुणाला रस्ता विचारणार नाहीत, आणि कुणी आपणहून सांगितला तर मुद्दाम दुसऱ्या रस्त्यानं जातील, हे तिला पक्कं ठाऊक होतं. म्हणून तिनं हे यंत्र घेऊन पाठवलं. हल्ली रस्ते फोनवरही दिसतात, तेही तिनं सांगून पाहिलं होतं. पण फोनबद्दल साडूभाऊंचं मत कायमचं ठरलेलं होतं. ‘‘फोन साऱ्या दुनियेशी बोलतो,’’ ते म्हणाले, ‘‘त्याच्या शब्दाला काय किंमत? ही बाई फक्त माझ्याशी बोलती.’’ त्या यंत्राला त्यांनी कधी जीपीएस म्हटलं नाही. पहिल्या दिवसापासून ते ‘बाई’ होतं, आणि तेही शाळेतल्या शिक्षिकेला म्हणावं तसं, पूर्ण आदरानं. सकाळी गाडीत बसलं की आधी जुन्या धोतराच्या मऊ फडक्यानं बाईंचा चेहरा पुसायचा, मग बटण दाबायचं, पडदा उजळला की ‘जयभीम बाई’ म्हणायचं आणि मगच गाडीला किल्ली लावायची. उन्हाळ्यात गाडी उभी करून कुठं जायचं झालं, तर बाईंना काचेवरून सोडवून, ओल्या रुमालात गुंडाळून सोबत न्यायचं. अक्का मात्र त्याच उन्हात गाडीशेजारी उभी असे. तिला याचं वाईट वाटतं का, असं मी एकदा विचारलं. ती म्हणाली, मला कशाला वाईट वाटेल, माझ्या सांगण्यानं हा माणूस गल्लीच्या तोंडापर्यंत आला नसता, तिच्या सांगण्यानं मला निदान जालना जिल्हा तरी दिसून राह्यला.

बाईंच्या बाबतीत साडूभाऊंची एकच तक्रार होती, उच्चारांची. मराठीचे शिक्षक असल्यामुळे त्यांना ते सहन होत नसे. बाई वाटूरला ‘वटूर’ म्हणत आणि जालन्याला ‘जलना’. ‘जलना, दस किलोमीटर’ असं त्या म्हणाल्या, की साडूभाऊ गाडी कडेला घेत, बाईंकडे वळत आणि शांतपणे समजावत, ‘‘जालना, बाई. जा, ल, ना. जळायचं काय काम न्हाई इथं.’’ मग क्षणभर वाट पाहत. बाई काही बोलत नसत. गाडी पुन्हा निघे, आणि थोड्या वेळानं बाई म्हणत, ‘जलना, नौ किलोमीटर.’ वर्गातल्या कुठल्याही पोराला त्यांनी इतक्या वेळा माफ केलं नव्हतं.

गाडी ते इतकी सावकाश चालवत, की तिला वेग आहे हे शेजारून जाणारी झाडं पाहिल्यावरच कळे, आणि तेही जरा वेळ पाहिल्यावर. बदनापुराहून जालन्याला यायला निघाले, की दुधाचे कॅन लावलेला एखादा ओळखीचा मोटारसायकलवाला आपली गाडी खिडकीच्या बाजूनं चालवत भावाच्या वाटणीची अख्खी हकीकत सांगून संपवी, त्यावर साडूभाऊंचा विरोधी सल्ला ऐकून घेई, आणि मग निरोप घेऊन पुढं निघून जाई. एकदा मी सोबत असताना ते समृद्धी महामार्गावर चढले. बाईंच्या पोटातले नकाशे जुने होते, त्यात हा महामार्ग झालेलाच नव्हता. पडद्यावर आमच्या गाडीचा बाण कोऱ्या मोकळ्या पिवळ्या जागेत एकटाच चाललेला, आणि बाई काकुळतीला येऊन सांगतायत, ‘जहाँ संभव हो, यू-टर्न लें.’ मागून मोठमोठ्या गाड्या भोंगे वाजवत सुसाट निघून जात होत्या, आणि साडूभाऊ घामाघूम होऊन बाईंची माफी मागत होते. जी पहिली उतरायची वाट आली तिनं ते खाली उतरले ते पुन्हा कधी वर गेले नाहीत. ‘‘बाईंना जिथं काही दिसत न्हाई,’’ ते मला म्हणाले, ‘‘तिथं त्यांना नेणं बिलकुल बरं न्हाई.’’

आमच्या घरी यायचं म्हणजे तर सणच असे. मी जुन्या जालन्यात राहतो, तिथं गल्ल्या अशा, की समोरासमोरच्या घरातल्या बायका आपापल्या उंबऱ्यात बसून एकाच सुपात तांदूळ निवडतील. शहाणा माणूस गाडी बाहेर चौकात लावून पायी येतो. बाईंनी मात्र साडूभाऊंना एकदा थेट कापडाच्या दुकानांच्या गल्लीत घातलं. गाडी दोन दुकानांच्या मधोमध बुचासारखी बसली. दारं उघडेनात. पुढं दोन रिक्षा, मागं तीन, आणि साऱ्यांचे भोंगे. दुकानदारांनी बिचाऱ्यांनी बाहेर मांडलेले गठ्ठे उचलले, छपराचे बांबू काढले, एकानं तर दुकानाची पायरीच हलवायला घेतली. या सगळ्या गोंधळात दुसऱ्या एका दुकानदाराच्या लक्षात आलं, की गिऱ्हाईक हलूच शकत नाही. त्यानं अक्काला खिडकीतून चादरी दाखवायला सुरुवात केली. गाडी सुटेपर्यंत अक्कानं एक चादर, परकराचं कापड आणि मुलीसाठी एक ओढणी अशी खरेदी उरकली होती, आणि साडूभाऊ पुढच्या खिडकीतून त्या दुकानदाराशी कापडाच्या पन्ह्यावरून वाद घालत होते. घरी आल्यावर मी म्हणालो, बाईंनी आज चांगलंच अडकवलं. ते दुखावले. म्हणाले, बाईंनी घरापर्यंतच आणलं होतं, गल्ली अरुंद निघाली त्याला बाई काय करतील.

या सगळ्या गोष्टी हसण्यावारी गेल्या असत्या. पण मग माझ्या मुलाचं लग्न ठरलं. मुलीकडचं गाव वाटूरच्या पुढं, आत, आणि साडूभाऊंनी जाहीर केलं की नवरदेव आपल्या गाडीतून जाईल. मी बायकोकडे पाहिलं, बायकोनं अक्काकडे पाहिलं, अक्का म्हणाली, त्यांचं मन मोडू नका. लग्नाच्या सकाळी ते गाडी धुऊन, झेंडूच्या माळा घालून दारात हजर. बाईंच्या भोवतीही त्यांनी बारीक फुलांची एक माळ गुंडाळली होती, तिच्यामुळे अर्धा पडदा झाकला गेला होता. वऱ्हाडाची बस पुढं गेली. आम्ही चौघं मागून निघालो. पुढं साडूभाऊ आणि मी, मागं अक्का आणि नवरदेव. नवरदेवाच्या अंगावर कोरे पांढरे कपडे, आमच्या लग्नात असतात तसे, इस्त्रीची घडी इतकी कडक की तो सीटवर टेकायलाही भीत होता.

वाटूर फाट्यापर्यंत सगळं बराबर चाललं होतं. फाटा सोडून थोडं आत गेलो तेव्हा बाई म्हणाल्या, बायें मुडिये. डावीकडे एक डांबरी वाट आली, तिच्या तोंडाशी पाटीही होती. साडूभाऊ ‘जी’ म्हणाले आणि ती वाट मागं टाकून पुढं गेले, आणि त्यानंतरच्या एका बैलगाडीच्या चाकोरीत शांतपणे डावीकडे वळले. बाई म्हणाल्या, ‘मार्ग फिर से खोजा जा रहा है.’ मी म्हणालो, साडूभाऊ, ती मागची डांबरी वाट असेल. त्यांनी मला हातानंच थांबवलं. बाईंनी सांगितल्याप्रमाणेच आपण वळलोय, असं ते म्हणाले. चाकोरी अरुंद होत गेली, दोन्ही बाजूंनी मोसंबीच्या फांद्या काचांवर घासायला लागल्या, टपावर धाडधाड मोसंब्या आपटायला लागल्या, आणि मग गाडीचं पुढचं चाक अलगद एका झाडाच्या आळ्यात उतरलं. आळं नुकतंच पाण्यानं भरलेलं होतं. बाई गप्प झाल्या.

झाडांमधून हातात खुरपं घेतलेली एक म्हातारी बाहेर आली. तिनं गाडी पाहिली, गाडीच्या माळा पाहिल्या, आतला नवरदेव पाहिला. ती जराही दचकली नाही.

‘‘हितं लगीन न्हाई,’’ ती म्हणाली. ‘‘हितं मोसंबी हाय.’’

साडूभाऊंनी तिला समजावून सांगितलं, की बाईंच्या हिशेबानं हा रस्ता आहे. म्हातारीनं मागं बसलेल्या अक्काकडे संशयानं पाहिलं. अक्का म्हणाली, मी न्हाई, ती काचेवरची. तेवढ्यात नवरदेव खाली उतरला. मी नको नको म्हणत असताना त्यानं आणि मी गाडीला मागून खांदा दिला, साडूभाऊंनी पाय दाबला, चाक गरगर फिरलं, आणि आळ्यातला सगळा काळा चिखल कारंज्यासारखा उडून माझ्या मुलाच्या अंगावर आला. नशीब एवढंच, की तो तिरका उभा होता. गाडी निघाली तेव्हा तो कमरेच्या वर नवरदेव होता आणि कमरेच्या खाली मोसंबीचं झाड. अक्का रडायच्या बेतात आली. मी तर आधीच आलो होतो. लग्नाची वेळ टळून चालली होती, भंतेजी येऊन बसले असतील, मुलीचे वडील दारात उभे असतील, आणि आम्ही इथं.

म्हातारी घराकडे गेली आणि एक पांढरा स्वच्छ लेंगा घेऊन आली. तिच्या मुलाचा, नवा. तो मुलगा अंगानं बेताचा असावा, कारण माझ्या उंच पोराला तो लेंगा घोट्याच्या बराच वर येऊन थांबला. पण पांढरा होता. आम्ही तिचे आभार मानून गाडीत बसायला लागलो, तर ती आमच्या आधी मागच्या सीटवर बसलेली. मी विचारलं, आजी, तुम्ही कुठं? ती म्हणाली, लेंगा जिकडं जाईल तिकडं मी, पोरानं विचारलं तर काय सांगू. शिवाय तिचं माहेर त्याच बाजूला होतं आणि तिला रस्ता ठावा होता.

मग जे झालं ते मी आजही सांगायला लागलो की माझी बायको उठून आत जाते. बाई म्हणाल्या दायें, आजी म्हणाल्या डावीकडं. बाई म्हणाल्या यू-टर्न, आजी म्हणाल्या सरळ, त्या लिंबाखालून. साडूभाऊ बाईंकडे झुकले की आजी मागून त्यांच्या खांद्यावर खुरप्याची मूठ टेकवत. शेवटी एका ठिकाणी बाई सारखं सारखं तेच सांगायला लागल्या, तेव्हा आजी पुढं वाकून म्हणाल्या, ‘‘ए बाई, जरा गप बस.’’ आणि बाई म्हणाल्या, ‘सिग्नल खो गया है.’ त्यानंतर त्या खरोखर गप्प बसल्या. पडदा काळा झाला. साडूभाऊंनी गाडी थांबवली आणि आजींकडे अशा नजरेनं पाहिलं, जशा नजरेनं त्यांनी कुठल्याही शिक्षणाधिकाऱ्याकडे पाहिलं नव्हतं. पुढं ते आजी सांगतील तसं गेले. लिंबाखालून, ओढ्यातून, एका खळ्याच्या कडेनं, आणि शेवटी एका पाझर तलावाच्या भिंतीपाशी. तिथं रस्ता पाण्यात शिरत होता. आजींनी खिडकीतून त्या पाण्याकडे बराच वेळ पाहिलं. मग म्हणाल्या, ‘‘हा कधी झाला? मला माहेराला जाऊन लई दिस झाले.’’

साडूभाऊंनी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले होते. ज्याचं ऐकावं असं कुणी उरलं नव्हतं. त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता, एखाद्या पोराला परीक्षेत भलताच पेपर हातात दिल्यासारखा. आणि तेवढ्यात, वाऱ्यावर, लांबून आवाज आला. कुणीतरी ध्वनिक्षेपकावरून घसा खरवडून सांगत होतं, की नवरदेवाची गाडी जिथं कुठं असेल तिथून तिनं जल्दी मंडपात यावं. माझा मुलगा ताडकन उठला आणि टपाला डोकं आपटून खाली बसला. म्हणाला, मलाच बोलावून राह्यले.

मग आम्ही आवाजाच्या मागं निघालो. सगळ्या खिडक्या उघड्या, नवरदेव छातीपर्यंत बाहेर लोंबकळत कान देतोय, थोडं जायचं, इंजिन बंद करायचं, ऐकायचं, पुन्हा सुरू करायचं. टेकडीआड गेलो की आवाज बुडायचा, सगळे हवालदिल व्हायचे. वर आलो की पुन्हा यायचा. मधेच सांगणारा दमला आणि त्यानं गाणं लावलं, तेव्हा आजींनी खिडकीतून त्याला शिव्या दिल्या. शेवटी आम्ही मंडपात पोचलो, पण मागच्या बाजूनं, जिथं स्वयंपाक चालला होता तिथून. भाताच्या पातेल्यांमधून, वरणाच्या कढईला वळसा घालून, आचाऱ्यांना बाजूला करत ती माळा घातलेली गाडी थेट मंडपाच्या कनातीला टेकून थांबली. सगळा मांडव वळून पाहायला लागला. गाडीचं इंजिन बंद झालं, एकदम शांत झालं, आणि बाईंना सिग्नल सापडला. त्या मोठ्या स्पष्ट आवाजात म्हणाल्या, ‘जहाँ संभव हो, यू-टर्न लें.’

सगळ्यात आधी हसली ती नवरी. मग मांडव हसला, मग भंतेजीही हसले असावेत, कारण त्यांनी चीवराचं टोक तोंडाशी नेलं. मी हात जोडून मुलीच्या काकांपुढं गेलो, ध्वनिक्षेपकावर तेच होते. त्यांचा आवाज पार बसला होता. ते म्हणाले, ‘‘आपल्यात मुहूर्त नसतो पाव्हणे, पण भाताला असतो.’’ मग त्रिशरण झालं, पंचशील झालं, लग्न लागलं. त्या लग्नाचे सगळे फोटो आमच्याकडे आहेत. सगळे गुडघ्यापर्यंतच आहेत. म्हातारी पहिल्या पंगतीला जेवली, नवरीला डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला, आणि लेंग्याची वाट पाहत अक्काशेजारी बसून राहिली. जेवणं आटोपल्यावर साडूभाऊ तिला पोचवायला निघाले. बाईंच्या मार्गदर्शनाखाली. तिला घरी पोचायला दिवेलागण झाली, आणि मधल्या वेळात तिनं परतूरचं रेल्वे स्टेशन पाहून घेतलं, असं नंतर कळलं.

पुढं साडूभाऊंच्या पित्ताशयात खडे निघाले आणि जालन्याच्या एका दवाखान्यात त्यांचं ऑपरेशन झालं. त्यांना भेटायला कोण येणार, याची आम्हाला जरा धाकधूकच होती. भाऊबंदांशी त्यांचे वाद झालेले, शाळेतल्या लोकांशी झालेले, शेजाऱ्यांशी तर चालूच. मी आणि बायको मुद्दाम जास्त वेळ थांबत होतो, खोली रिकामी वाटू नये म्हणून. दुसऱ्या दिवसापासून माणसं यायला लागली. त्यातलं एकही मला माहीत नव्हतं. घोंगडी खांद्यावर टाकलेला एक मेंढपाळ आला. चहाची टपरी चालवणारी एक बाई थर्मास भरून घेऊन आली. शिवणकाम करणाऱ्या एक म्हाताऱ्या चाची आल्या, त्यांनी साडूभाऊंच्या कपाळावरून बोटं फिरवून आपल्या कानशिलावर मोडली. परिचारिका प्रत्येकाला विचारत होती, की तुम्ही नात्यानं कोण. मेंढपाळ म्हणाला, यांची गाडी आमच्या वाड्यात शिरल्ती, मंग रात्रभर मेंढरं मोजत बसले. चहावाली म्हणाली, चुकून आल्ते, आता दर बुधवारी चुकून येतात. एक नवरा-बायको तान्हं पोर घेऊन आले, त्याच्या बारशात साडूभाऊ आणि अक्का रस्ता विचारायला नाही, तर रस्ता संपला म्हणून थांबले होते, आणि नावावरून सगळ्यांशी वाद घालून शेवटी पोराचं नावही साडूभाऊंनीच ठेवलं होतं. खोलीत पाय ठेवायला जागा उरली नाही. साडूभाऊ उशीला टेकून एकेकाशी भांडत होते आणि त्यांचा चेहरा ऑपरेशन झालेल्या माणसाचा वाटत नव्हता.

त्या गर्दीतच एक वीटभट्टीवाला होता. तो हसत हसत सांगत होता, ‘‘सर आमच्या भट्टीत गाडी घेऊन घुसले तव्हा मी उजव्या हाताला अस्सा खिडकीला लागून उभा होतो. हात करून राह्यलो, ओरडून राह्यलो. सरांनी पाह्यलंच न्हाई. सरळ पुढं.’’ सगळे हसले. मीही हसलो. अक्का हसली नाही. तिनं साडूभाऊंकडे पाहिलं आणि साडूभाऊंनी पांघरुणाची घडी सारखी करायला घेतली. संध्याकाळी गर्दी ओसरल्यावर ती डॉक्टरांच्या खोलीत जाऊन काहीतरी बोलून आली. दुसऱ्या दिवशी डोळ्यांचे डॉक्टर आले.

काचबिंदू होता, बराच पुढं गेलेला. त्यांना समोरचं स्वच्छ दिसत होतं, पण दोन्ही बाजू गेल्या होत्या. फाटे, पाट्या, कडेला उभी असलेली माणसं, यातलं काहीच त्यांना दिसत नव्हतं, आणि हे फार आधीपासून चाललं असणार, असं डॉक्टर म्हणाले. मला एकदम ती वाटूरच्या पुढची डांबरी वाट आठवली. बाईंनी बरोबर सांगितलं होतं.

मी त्यांच्याजवळ बसलो. ते आपणच बोलले. ‘‘पाट्या दिसायच्या बंद झाल्या तव्हाच गाडी सोडायला पाह्यजे होती, पाव्हणे. समजत होतं मला. म्हणून तर हळू जायचो. पण बाई सांगून राह्यल्या होत्या ना. वाटायचं, आपल्याला न्हाई दिसलं तरी कुणाला तरी दिसून राह्यलंय.’’ मग दाराबाहेर अक्का कुणाशी तरी बोलत होती तिकडे त्यांनी मान वळवली. आवाज खाली आणून म्हणाले, ‘‘हिला कुठंच नेलं नव्हतं मी. शाळा, घर, शाळा, घर. हिनं कधी म्हटलं न्हाई, पण मला ठावं होतं.’’

हे त्यांच्याशी वाद घालण्यासारखं बोलणं होतं. गाडी चालवणं धोक्याचं होतं, कुणाला लागलं असतं, हे सगळं मला सांगायचं होतं. मी सांगितलं नाही. डॉक्टर ते सांगून गेले होते, आणि पहिल्यांदाच साडूभाऊंनी डॉक्टरांना उलट उत्तर दिलं नव्हतं.

गाडी विकली. यंत्राची बॅटरी काही दिवसांनी फुगली आणि ते बंदच झालं. डोळ्यांत रोज थेंब घालायचे असतात, ते अक्का घालते, आणि थेंबांच्या वेळेवरून तेवढा वाद होतो. आता मला सुट्टी असली की मी बदनापूरला जातो आणि दोघांना माझ्या गाडीतून कुठंतरी फिरवून आणतो. साडूभाऊ पुढं बसतात, हात गुडघ्यांवर, नजर समोर. फारसं बोलत नाहीत.

मागच्या महिन्यात असेच निघालो होतो. बदनापूर सोडून आत वळलो आणि दोन्हीकडे शेतं सुरू झाली. सकाळचं ऊन कोवळं होतं. मागं अक्काचा डोळा लागला होता.

‘‘डावीकडं काय हाय?’’ साडूभाऊंनी विचारलं.

‘‘तूर,’’ मी म्हणालो.

‘‘फुलात हाय का?’’

‘‘हाय. पार पिवळी झाली.’’

त्यांनी मान वळवली. मान पुरेना, म्हणून मग सीटवर कमरेतून वळले, अख्खे, खिडकीकडे तोंड करून, आणि काचेला हात टेकवला.

‘‘मंग हळू घ्या जरा,’’ ते म्हणाले.

मी गाडी हळू घेतली.